बराकीतलं बाकडं

उल्हासनगरात पत्ता सांगताना आजही आधी कॅम्पचा नंबर येतो. कॅम्प एक ते पाच. ही लष्कराची मोजणी आहे, आणि इथल्या घरगुती कारखानदारीची गोष्टही तिथूनच सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठा तळ उभा राहिला. त्यात 2126 बराकी होत्या. बहुतेक बराकींत मधे लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, तळ ओस पडला. मग फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना याच बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं.

हॉलमध्ये पडदे टांगून संसार मांडले गेले. जिथे चूल, तिथेच अंथरूण आणि तिथेच धंदा. गाळा घ्यायला पैसा नव्हता, म्हणून काम घरात आलं. उल्हासनगरचं फर्निचर, तिथली जीन्सची शिलाई यांचं मूळ या अडचणीच्या जागेत आहे.

शेजारच्या अंबरनाथची वाट वेगळी. तिथलं शिवमंदिर शके 982चं, म्हणजे 1060 सालचं. छिन्नी-हातोडा चालवणाऱ्या हातांची या गावाशी ओळख इतकी जुनी. 1950च्या दशकात इथे संरक्षण खात्याचे दोन कारखाने आले. ऑर्डनन्स फॅक्टरीत पितळ आणि ॲल्युमिनियमचं काम, तर मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत यंत्रं घडवणारी यंत्रं. अशा ठिकाणी फिटरची पहिली परीक्षा कानशीवर होते. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा, घासायचा, काटकोन तपासणारा गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. कंटाळा येईपर्यंत नव्हे, उजेड बंद होईपर्यंत.

एकीकडे घरातच धंदा मांडण्याची सवय, दुसरीकडे सुताचाही फरक न खपवून घेणारी शिस्त. घरातल्या कामाच्या बाकड्याला दोन्ही लागतात.

आज जवळच्याच बदलापूरच्या एखाद्या फ्लॅटच्या गॅलरीत कुणी स्कूबा डायव्हिंगच्या सामानासाठी बाकडं मांडलं, तर त्याला हीच शिस्त उपयोगी पडेल. पाण्याखाली श्वास पुरवणारा रेग्युलेटर मुळात व्हॉल्व्हच आहे. पॅरिसमध्ये एमिल गान्यां या इंजिनिअरनं युद्धातल्या पेट्रोलटंचाईत गॅसवर मोटार चालवण्यासाठी व्हॉल्व्ह बनवला होता. त्याच धर्तीवर 1943 साली नौदल अधिकारी झाक कूस्तोबरोबर त्यानं ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचं साधन सिद्ध केलं. म्हणजे हे यंत्रही त्याच युद्धातलं, ज्यानं कल्याणचा तळ उभा केला.

रेग्युलेटरचं अंग बहुधा पितळेचं, वर क्रोमचा मुलामा. टाकीतला साधारण 200 बारचा दाब त्याचा पहिला टप्पा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा जेमतेम दहा बार जास्त इतका खाली आणतो. आतली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, काढायला पोलादी आकडी वापरली तर मऊ पितळेवर ओरखडा उठतो आणि त्या केसाएवढ्या रेघेतून हवा गळू लागते. म्हणून आकडी पितळेची किंवा प्लास्टिकची. बाकड्यावर स्वच्छ पांढरं कापड, त्यावर उघडण्याच्या क्रमानं मांडलेले भाग. कंपनीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय मात्र रेग्युलेटर उघडूच नये. त्याच्या जोरावर माणूस श्वास घेतो. मालवण-तारकर्लीच्या समुद्रातून परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून खारेपणा काढणं, सावलीत सुकवणं, होजची चीर तपासणं, एवढं घरी नक्की करावं.

उल्हासनगरच्या जुन्या बराकींच्या जागी इमारती उठत आहेत. त्यांच्याबरोबर जुनी बाकडीही जातात. ज्यांच्या घरी आजोबांचा व्हाइस किंवा कानशीचा संच अजून असेल, त्यांनी तो भंगारात घालण्याआधी तो कुठून आला, त्यावर काय घडलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावं.