मीटरच्या पलीकडचे घर

जुन्या घराचे वायरिंग बदलायचे ठरले की घरातली माणसे पहिला प्रश्न खर्चाचा विचारतात आणि दुसरा दिवसांचा. दोन्हींचे खरे उत्तर पहिल्या दिवशी वायरमनलाही देता येत नाही. भिंतीत काय आहे ते भिंत उघडल्यावाचून कळत नाही. आणि आपल्या सीमाभागातल्या जुन्या घरांतले वायरिंग हे कुणी एकाने एका वेळी केलेले काम नसते. आजोबांनी दिवे घेतले, वडिलांनी पंखा घेतला, थोरल्याने फ्रिज आणला, धाकट्याने गिझर बसवला. प्रत्येकाने आधीच्या तारेला आपली तार जोडली आणि वरून चुना मारला. बेळगावातल्या आमच्या घराचे काम निघाले तेव्हा हा सगळा इतिहास थराथराने बाहेर आला.

पाण्याच्या बळाची ओळख आपल्या जिल्ह्याला जुनी आहे. गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभेचे पाणी १८८७ च्या सुमारास गिरणीच्या कामाला लागले. पण पाण्यावर गिरणी चालणे वेगळे आणि घरात दिवा लागणे वेगळे. दक्षिणेत शिवसमुद्रमची वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे आले. उत्तरेकडे खोपोलीहून टाटांची वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे वीज आधी खाणीत गेली, गिरणीत गेली, रस्त्यावर आली. घराचा उंबरठा तिने सर्वांत शेवटी ओलांडला. लहान शहरांतल्या बहुतेक घरांत तोवर कंदील, चिमणी आणि देवापुढची समई हाच उजेड होता.

या काळात झालेला १९१० चा भारतीय वीज कायदा दीर्घकाळ टिकला. २००३ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. त्याखालच्या व्यवस्थेतली एक गोष्ट प्रत्येक घरमालकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मीटरपर्यंतची तार वीज पुरवणाऱ्याची, मीटरपुढची तार घरमालकाची. ही वाटणी आजही तशीच आहे.

आपल्या भागात या वाटणीला आणखी एक अर्थ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १९५७ साली म्हैसूर राज्य वीज मंडळ स्थापन झाले, १९७३ साली राज्याचे नाव बदलल्यावर ते कर्नाटकाचे झाले. लोकांच्या तोंडी बसलेली ‘केईबी’ ती हीच. १९९९ साली मंडळाची कंपनी झाली आणि २००२ पासून आपल्याकडचे वितरण हुबळीच्या कंपनीकडे, ‘हेस्कॉम’कडे, आले. मीटरच्या अलीकडे खांब बदलले, तारा बदलल्या, बिलावरची लिपी बदलली. मीटरच्या पलीकडे मात्र कुणी हात लावला नाही. तिथे घर अजून जुन्या मुंबई राज्यातच नांदत होते.

आमच्या घरात सर्वांत जुना थर सोप्यात निघाला. दोन खोबणींची सागवानी पट्टी, तिच्यावर खिळ्यांनी ठोकलेले लाकडी झाकण. आत रबराच्या वेष्टनाची आणि वर सुती विणीची तार. तांबे पांढुरके दिसले म्हणून आधी शंका आली. पण ती कल्हई होती. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घालत, ते गंधक तांब्याला खाते, म्हणून तारेला कथलाचा मुलामा देत असत. काम त्या काळच्या मानाने उत्तमच होते. परंतु रबराला वय असते. पट्टी उघडून तार जरा वाकवली आणि वेष्टन जुन्या बिस्किटासारखे गळून पडले. यातून पहिला धडा मिळाला. जोवर अशा तारेला हात लावत नाही तोवर ती चालते. हात लावला की ती पुन्हा जोडण्याजोगी राहत नाही. ‘एवढी एकच खोली करू या’ असे ठरवून सुरू केलेले काम म्हणूनच चार खोल्यांवर जाते.

मेन बोर्डावर दुसरी गोष्ट सापडली. चिनी मातीचे दोन फ्यूज, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. वायरमन म्हणाला, “काका, इकडं न्यूट्रलला पण फ्यूज हाय बघा. हा उडला तर दिवा विझतो, पण करंट आतच राहतो की ओ.” पूर्वी दोन्ही तारांना फ्यूज घालण्याची रीत होती. १९५६ च्या वीज नियमांनी न्यूट्रलमध्ये असा सुटा फ्यूज ठेवण्याला मनाई केली. मात्र त्याआधीच्या घरांत जाऊन तो काढणार कोण? ते काम घरमालकाचे होते, आणि घरमालकाला ते ठाऊकच नव्हते.

माजघरात पुढचा थर लागला. चपटी सागवानी पट्टी, तिच्यावर क्लिपांनी आवळलेली, रबराच्या जाड आवरणाची दुहेरी तार. स्वयंपाकघरात त्याच्याही पुढचा थर होता, अॅल्युमिनियमचा. साठ-सत्तरच्या दशकांत तांब्याची टंचाई होती आणि घरोघर अॅल्युमिनियमची तार आली. ही तार स्क्रूखाली दबून हळूहळू सैल पडते, तिच्यावर वीज न वाहणारा पापुद्रा धरतो आणि सांधा तापू लागतो. आमच्याकडे ती जुन्या तांब्याला पिळून जोडली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. टेप जळून टणक झाली होती. भिंतीवरचा तो तपकिरी डाग आम्ही कित्येक वर्षे ओलीचा समजत होतो.

मूळच्या तारा कमी जाडीच्या होत्या असेही नाही. जुने वायरमन ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ अशी मापे सांगत. पहिला आकडा तारेतल्या काड्यांचा, दुसरा त्यांच्या गेजचा. तीन-बावीस म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १.२ चौरस मिलिमीटर. चाळीस वॅटचे सहा दिवे लावले तर २३० व्होल्टवर साधारण १ अँपिअर वीज वाहते. तेवढ्याला ती तार भरपूर होती. पुढे २,००० वॅटचा गिझर आला. तो एकटाच जवळजवळ ९ अँपिअर घेतो. तारेतली उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वीज नऊपट झाली की तीच तार एक्याऐंशीपट उष्णता सोसते. पूर्वी दिव्यांची आणि तापणाऱ्या उपकरणांची व्यवस्था वेगळी ठेवत, ‘एईएच’ हा शब्द आपल्याकडच्या जुन्या बिलांवर अनेकांनी पाहिला असेल. घराघरांत ही शिस्त पुढे सैल झाली आणि दिव्याच्या बोर्डावरच इस्त्री आली.

सर्वांत मोठा धडा मात्र मोरीत मिळाला. आई वर्षभर सांगत होती की नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. आम्ही ते तिच्या वयावर घातले. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधत असत. तो पाइप जमिनीतून दूरवर गेलेला, त्यामुळे व्यवस्था चालून जाई. काही वर्षांपूर्वी गल्लीतला पाइप बदलून प्लॅस्टिकचा आला. त्या दिवशी आमचे अर्थिंग संपले. दिवे लागत होते, पंखे फिरत होते, त्यामुळे कुणाला काही कळले नाही. गिझरमधून झिरपलेली वीज जमिनीत जाण्याऐवजी नळावर येऊन थांबली होती. आईचे खरे होते. आमचे नशीब, की त्याआधी काही घडले नाही.

ज्यांचे घर अजून व्हायचे आहे त्यांनी काय धरून चालावे? जांभ्याच्या भिंतीला खाच पाडता येते, पण लाल धूळ धान्याच्या डब्यापर्यंत पोचते. मातीच्या भिंतीला आडवी खाच पाडू नये. तिथे पट्टी बाहेरून नेणेच शहाणपणाचे. कौलांखाली उंदीर तार कुरतडतात, म्हणून तिथे तार नळीतूनच न्यावी. गिझर, फ्रिज, मिक्सर यांची जागा गिलाव्याआधी ठरवावी आणि गिझरला स्वतंत्र तार द्यावी. अर्थिंगसाठी परसात खड्डा खणून कोळसा-मिठाचे थर द्यावेत आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावे. एमसीबी तारेला वाचवते. माणसाला वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणून दोन्ही हव्यात. काम झाल्यावर मेगरने तपासणी करून घ्यावी आणि आकडा लिहून घ्यावा. निदान एक मेगओहम तरी यायला हवा. आणि कोणती तार कुठून गेली याचा साधा नकाशा काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावा. आपल्या वाडवडिलांनी तो ठेवला नाही, म्हणून आपल्याला भिंती फोडाव्या लागतात.

सोप्यातल्या सागवानी पट्ट्या आम्ही टाकल्या नाहीत. त्यांची देवघराला एक फळी झाली. तिच्यावर समई असते. आई आता मोरीतला नळ निर्धास्त सोडते, आणि अधूनमधून आठवण करून देते की ती तेव्हाच म्हणाली होती. या दिवाळीत आकाशकंदिलाची तार जुन्या बोर्डात खुपसण्यापूर्वी वाचकांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून पाहावे, नळाला हात लावताना काही होते का.