सिकलसेल आपल्याकडेच जास्त का?

"डॉक्टर, हा रोग आमच्याच भागात का?" गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेलचा रिपोर्ट हातात पडला की हा प्रश्न येतोच. उत्तर मलेरियाच्या इतिहासात आहे.

१९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, की सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या, म्हणजे 'एएस' वाहक मुलांना मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तापाने लेकरे दगावत. वाहक लेकरे जास्त तगली, मोठी झाली आणि तोच जनुक पुढे देत गेली. ज्याला घरचे शाप म्हणतात, ती एकेकाळची ढाल! किंमत मात्र जबर: आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस', म्हणजे रुग्ण, असण्याची शक्यता २५ टक्के.

भारतात १९५२ मध्ये हा आजार प्रथम निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला; पण तो फक्त आदिवासींचा नाही. विदर्भात इतर समाजांतही आढळतो. म्हणून लग्न ठरवण्याआधी दोघांचेही रक्त तपासा. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळते. आणि हो, वाहकांनाही मलेरिया होतो. मच्छरदाणी सोडू नका.