बर्डीतल्या मदरबोर्डाची वंशावळ

"भाऊ, या बोर्डवर हा प्रोसेसर चालते का?"

सीताबर्डीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात अर्धा तास उभे राहा, हा प्रश्न कानावर येणारच. विचारणारा बहुधा बारावी झालेला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा असतो. मोबाइलमध्ये यूट्यूब बघून केलेली पार्टची यादी असते, शेजारी वडील असतात आणि 'यातलं अभ्यासाला किती लागेल?' हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. दुकानदाराचं उत्तर तीनपैकी एक: चालते, नाही चालत, किंवा 'बायोस अपडेट करावं लागेल'.

या तीन उत्तरांना चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. त्याचा एक धागा अमेरिकेतल्या फ्लोरिडातून येतो आणि दुसरा, बर्डीपासून काही किलोमीटरवर असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून निघून पुण्याला जातो.

आधी फ्लोरिडा. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. आयबीएम म्हणजे स्क्रूसुद्धा स्वतःचाच वापरणारी कंपनी. पण या मशीनसाठी वेळ सुमारे एक वर्षाचाच होता, म्हणून बोका रेटनमधल्या टीमने बाजारातून पार्ट उचलले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, फ्लॉपी ड्राइव्ह टँडन कंपनीचा (तिचा संस्थापक भारतात जन्मलेला, हे जाता जाता). बोर्डवर पाच स्लॉट ठेवले, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनीही कार्ड बनवावीत. वर एक जाडजूड टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल विकायला ठेवलं. त्यात सर्किटच्या आकृत्या होत्या आणि बायोसचा कोडसुद्धा छापलेला होता.

थोडक्यात, जगातला पहिला मोठा 'असेम्बल्ड' पीसी खुद्द आयबीएमने बनवला. आपल्याकडे पुढे वीस-पंचवीस वर्षं 'ब्रँडेड नाही, असेम्बल्ड घेतला' हे वाक्य जरा खालच्या आवाजात बोललं जायचं. त्याची काहीच गरज नव्हती.

आयबीएमला वाटलं, बाकी सगळं कोणीही विकत घेईल, पण बायोस आपल्या कॉपीराइटखाली आहे, त्यामुळे नक्कल अडेल. कॉम्पॅक कंपनीने यावर जी युक्ती केली ती प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने एकदा वाचावी अशी आहे. त्यांनी कामाचे दोन भाग केले. एका गटाने आयबीएमचा बायोस नेमका काय करतो ते तपासून त्याचं वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने आयबीएमचा कोड कधीच पाहिलेला नव्हता. त्यांनी फक्त ते वर्णन हातात घेऊन नवा बायोस लिहिला. वागणूक तीच, कोड वेगळा. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने आपला पोर्टेबल जाहीर केला. पुढे १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने अशाच पद्धतीने बायोस लिहून तो पैसे देईल त्याला विकायला सुरुवात केली आणि धरण फुटलं.

पण 'कंपॅटिबल' म्हणजे किती कंपॅटिबल? प्रत्येक क्लोनच्या जाहिरातीत हा शब्द असायचा. मग मासिकांचे समीक्षक आणि ग्राहक दोन प्रोग्राम चालवून बघायचे: लोटस १-२-३ ही स्प्रेडशीट आणि मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर. कारण हे दोन्ही प्रोग्राम वेगासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला सारून थेट हार्डवेअरला हात घालायचे. मशीनमध्ये जराही फरक असेल तर विमान उडण्याआधीच स्क्रीन गोठायचा. घरी 'कॉम्प्युटर गेम खेळायला नाही' असं ऐकून मोठ्या झालेल्यांनी हे लक्षात ठेवावं. पीसी खरा की खोटा, याची कसोटी एक गेम होता.

हे सगळं तिकडे चालू असताना इथे काय होतं? आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली होती. परदेशी कंपनीचा वाटा चाळीस टक्क्यांवर आणा, या फेरा कायद्याच्या अटीवरून बोलणी फिसकटली होती. बाहेरून कॉम्प्युटर आणायचा तर परवाने आणि चढे आयात कर. नोव्हेंबर १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणाने पहिली मोठी फट पाडली, सुटे भाग आणणं सोपं झालं. १९९७ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात भाग घेतला आणि २००५ पर्यंत या वस्तूंवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. आज बर्डीत प्रोसेसरचा डबा काउंटरवर सहज सरकवला जातो, त्यामागे हे रटाळ वाटणारे करारमदार आहेत.

आता दुसरा धागा. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचा एक मुलगा नागपूरच्या विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, १९६५ मध्ये इंजिनिअर झाला. पुढे बडोदा, मग आयआयटी दिल्लीची पीएचडी. नाव विजय भटकर. 'भारताच्या सुपरकॉम्प्युटरचे जनक' म्हणून शाळेच्या पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या गाइडपर्यंत हे नाव येतं आणि तिथेच थांबतं. त्यांनी आणि त्यांच्या टीमने नेमकं काय केलं, हे कोणी सांगत नाही. मला ती गोष्ट पार्ट जुळवण्याची वाटते.

१९८० च्या दशकात भारताला क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. तो अण्वस्त्रांच्या कामाला वापरला जाईल या शंकेने अमेरिकेने हवं ते मॉडेल दिलं नाही. बऱ्याच वाटाघाटींनंतर हवामान अंदाजासाठी कमी ताकदीचा एक्स-एमपी-१४ मिळाला, तोही अटींसह. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, भटकर त्याचे प्रमुख. मुदत तीन वर्षं, पैसे तीस कोटींच्या आसपास.

क्रेसारखा एकच अफाट वेगाचा प्रोसेसर बनवायचा तर चिपचा कारखाना हवा, आणि तो नव्हता. मग बाजारात जे मिळतं त्यातून काय जमेल? ब्रिटनमधल्या ब्रिस्टलची इनमॉस नावाची कंपनी ट्रान्सप्युटर नावाची एक विलक्षण चिप विकत होती. प्रोसेसर, थोडी मेमरी आणि बाहेर जाणारे चार दुवे, सगळं एकाच चिपवर. हे दुवे दुसऱ्या ट्रान्सप्युटरला थेट जोडता येत. फुगडीत हात धरावेत तशा या चिप एकमेकींना धरत जायच्या, मध्ये कुणी मुकादम नाही. त्यातलं १९८७ चं टी८०० हे मॉडेल दशांश आकडेमोडीतही चांगलं होतं.

सी-डॅकने असे ६४ नोड जोडले आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. कुठला नोड कुठल्या नोडला जोडायचा, हे गणिताप्रमाणे बदलता येईल असं जाळं बनवलं. एकच काम ६४ जणांत वाटायला परास नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. पुढे परमची मशीन परदेशातही गेली.

तेव्हापासून आजवर एक टोमणा चालत आला आहे: 'चिप तर बाहेरची, मग यात आपलं काय?' हा टोमणा मारणाऱ्याने कधी दोन अनोळखी सिस्टिम एकमेकींशी बोलत्या केलेल्या नसाव्यात. माझं रोजचं काम बहुतांशी तेच आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या दहा लायब्रऱ्या, त्यांची आवृत्ती, यांची आवृत्ती, आणि मध्ये आपण. आयुष्य त्या 'मध्ये'तच जातं. चौसष्ट चिप विकत घेणं म्हणजे खरेदी, त्यांच्याकडून हवामानाचं एक गणित वेळेत सोडवून घेणं म्हणजे इंजिनिअरिंग.

पण परमच्या कहाणीचा मला सर्वांत आवडणारा भाग यानंतरचा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. इनमॉसने ट्रान्सप्युटरची पुढची पिढी, टी९०००, जाहीर केली. ती लांबली, आणखी लांबली, आणि आली तेव्हा बाकीचं जग पुढे निघून गेलं होतं. ट्रान्सप्युटर हा रस्ताच बंद झाला. गेमिंग पीसीवाल्यांच्या भाषेत: सॉकेट मेलं. ज्या प्लॅटफॉर्मवर सगळी मशीन आणि सगळं सॉफ्टवेअर उभं, त्यालाच अपग्रेड नाही.

सी-डॅकने मग काय केलं? आधी परम ८६०० मध्ये ट्रान्सप्युटरच्या जोडीला इंटेलचा आय८६० बसवला. आकडेमोड नव्याने करायची, निरोप जुन्याने पोचवायचे. म्हणजे जुना बोर्ड ठेवून नवं ग्राफिक्स कार्ड टाकण्यासारखंच. पण हा तात्पुरता इलाज होता. परम ९००० मध्ये त्यांनी सुपरस्पार्क घेतला, आणि १९९८ च्या परम १०००० मध्ये तर सन कंपनीची अल्ट्रास्पार्कवाली तयार मशीन एकमेकांना जोडली. दरम्यान, प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसे पाठवायचे याचं एमपीआय नावाचं खुलं मानक १९९४ मध्ये आलं होतं. आता प्रोग्राम एका चिपला बांधलेला राहिला नव्हता. त्याच वर्षी नासात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ प्रोसेसरवाले सोळा साधे पीसी इथरनेटने जोडून बेवुल्फ नावाचं मशीन केलं. दुकानातल्या पार्टांचा सुपरकॉम्प्युटर. पुण्यात मजबुरीतून जे झालं होतं, ते जगभर नेहमीचं होऊन बसलं.

इकडे घरगुती पीसीत मात्र जुळवाजुळव अजून अंगावर येणारी होती. त्या काळी असेम्ब्ली केलेले लोक भेटले तर त्यांना पी८ आणि पी९ बद्दल विचारा. पॉवर सप्लायमधून बोर्डला जाणारे हे दोन प्लग शेजारी शेजारी लागायचे, आणि अदलाबदल झाली तर बोर्डचा जीव जायचा. 'काळ्या वायरी मधोमध' हा मंत्र तोंडपाठ लागायचा. साउंड कार्ड घातलं की गेमला पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ असे आकडे स्वतः सांगायचे, आणि दुसऱ्या कार्डाने तोच आकडा धरून ठेवला असेल तर आवाज गायब. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स मानक आणलं. स्क्रूची भोकं कुठे, मागचे पोर्ट कुठे, पॉवरचा प्लग एकच आणि उलटा बसणारच नाही असा. आज तैवानचा बोर्ड भलत्याच कंपनीच्या कॅबिनेटमध्ये चपखल बसतो, तो या कंटाळवाण्या कागदामुळे.

सॉकेटचं मात्र उलटं झालं. सॉकेट ७ मध्ये इंटेल, एएमडी, सायरिक्स, कोणाचाही प्रोसेसर बसायचा. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी स्लॉट १ आणला आणि तो स्वतःपुरता ठेवला. एएमडीने १९९९ मध्ये अॅथलॉनसाठी स्लॉट ए काढला. कनेक्टर तोच, फक्त उलटा फिरवलेला, आतलं विजेचं गणित पूर्ण वेगळं. त्या दिवसापासून 'इंटेलचा बोर्ड' आणि 'एएमडीचा बोर्ड' अशा दोन जाती झाल्या.

जातीच्या आत पोटजाती आहेतच. २०१७ मध्ये इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले, सॉकेटचं नाव तेच एलजीए ११५१, पिनांची संख्या तीच, पण आधीच्या दोन पिढ्यांच्या बोर्डवर चालत नाहीत. बसतात, चालत नाहीत. एएमडीने एएम४ बरीच वर्षं चालवलं, पण तिथे अडचण वेगळी: जुन्या बोर्डांच्या बायोस चिपमध्ये जागाच इतकी कमी की सगळ्या प्रोसेसरांची माहिती त्यात मावेना. रायझन ५००० चा सपोर्ट सर्वांत जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांना २०२२ मध्ये मिळाला, तोही काही बोर्डांवर आधीचे काही प्रोसेसर यादीतून काढून. दुकानदाराचं तिसरं उत्तर, 'बायोस अपडेट करावं लागेल', ते इथून येतं. कॉम्पॅकने ज्या बायोससाठी दोन वेगळे गट बसवले, तोच अजून दारात उभा राहून आत कोणाला घ्यायचं ते ठरवतो.

आणि ग्राफिक्स कार्ड? २०२० मध्ये सी-डॅकचा परम सिद्धी-एआय जगातल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत ६३ वा आला. त्यातली आकडेमोड करतात एनव्हिडियाचे ए१०० जीपीयू. १९९३ मध्ये गेमची चित्रं भरभर काढायला निघालेली ही कंपनी. बर्डीत बापाला 'हे कार्ड अभ्यासालाही लागतं' असं सांगणारा पोरगा अगदीच खोटं बोलत नसतो.

या वंशावळीत नागपूरने आपली म्हणून एक अट घातली आहे, ती कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली नसते. हवेने थंड होणारा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त मधला फरक सांभाळतो. परदेशी रिव्ह्यूत खोली २२ अंशांची असते आणि प्रोसेसर ७५ ला थांबतो, म्हणजे फरक ५३. मे महिन्यात बाहेर ४५, आत डेझर्ट कूलर लावून ३५ असेल, तर तोच प्रोसेसर त्याच कूलरखाली ८८ वर जातो. इथून पुढे थोडं ढकललं की तो स्वतःहून वेग कमी करतो आणि ज्या फ्रेमसाठी पैसे मोजले त्या गायब. म्हणून आपल्याकडे यादी करताना आरजीबी लाइटच्या आधी कॅबिनेटची जाळी बघावी, पॉवर सप्लाय किती अंशांवर तेवढे वॅट देतो ते डब्यावर वाचावं (काही ४० ला मोजलेले असतात, काही ५० ला), आणि डेझर्ट कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये.