हॉप्सचे बेणे

ऊस, हळद, आले, पानवेल ही पिके बेण्यावर चालतात, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची वेल याच पंगतीतली. हिवाळ्यात ती वरून पार वाळते. जमिनीखालचे मूळखोड मात्र जिवंत राहते आणि वसंतात पुन्हा कोंब फेकते. त्या मूळखोडाचा वीतभर तुकडा, त्यावर दोन-चार डोळे, एवढ्यावर नवी वेल उभी राहते.

मग बी का पेरत नाहीत? पपईसारखी इथेही नर-मादी झाडे वेगळी असतात. कामाची फक्त मादी, कारण पिवळी, चिकट, कडू पूड तिच्याच फुलोऱ्याच्या शंकूंत असते. बियांतून नर किती निघतील याचा नेम नाही, आणि मादी निघाली तरी आईच्या गुणांची निघेलच असे नाही. म्हणजे नावाजलेल्या वाणाची जगभरातली प्रत्येक वेल मुळात एकाच झाडाचा तुकडा. हॉप्सचा इतिहास शोधायचा तर हे तुकडे कोणाच्या हातून कुठे गेले, ते पाहावे लागते.

बव्हेरियात 1516 सालच्या फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच चालेल असे ठरवून टाकले. इंग्लंडला हॉप्सची गोडी लावली ती फ्लँडर्सकडच्या लोकांनी. केंट परगण्यातल्या रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थाने 1574 मध्ये हॉप्सच्या मळ्यावर इंग्रजीतले पहिले पुस्तक लिहिले. मुळे कशी निवडावीत, मातीचे उंचवटे कसे करावेत, खांब कसे रोवावेत, सगळे त्यात चित्रांसह आहे. याच स्कॉटने दहा वर्षांनी चेटकिणींवरच्या अंधश्रद्धेची चिरफाड करणारा ग्रंथ लिहिला. दोन्हीकडे वृत्ती एकच: ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाही.

1629 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीला काय काय पाठवायचे याची यादी झाली, तेव्हा धान्याच्या बियाण्याबरोबर हॉप्सची मुळेही तिच्यात होती. याच शंकूंचा आपल्याशीही एक संबंध आहे. जहाजातून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हाताने घालत, कारण त्यांच्यामुळे ती लवकर आंबट होत नसे. वेल मात्र आपल्या उन्हाळ्यात रमणारी नव्हे. तिला लांबलचक दिवस लागतात आणि कडक थंडीही.

केंटचे नाव झाले ते गोल्डिंग आणि फगल या वाणांमुळे. दरवर्षी सप्टेंबरात लंडनच्या ईस्ट एंडमधली कुटुंबेच्या कुटुंबे शंकू तोडायला तिकडे जात. गरिबांची ती हवापालट. 1931 मध्ये जॉर्ज ऑरवेल त्यांच्यात मिसळून तोडणी करून आला आणि पुढे तो अनुभव त्याने कादंबरीत वापरला. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या पिकात फगलचाच वरचष्मा होता. पण एकाच झाडाचे तुकडे म्हटल्यावर दुबळेपणाही एकच. मुळांतून शिरणाऱ्या मर रोगाने केंटमधल्या फगलच्या मळ्यांची वाताहत केली.

बेण्याबरोबर नाव नेहमी खरे प्रवास करतेच असे नाही. 1930 च्या दशकात आजच्या स्लोव्हेनियातल्या साविन्या खोऱ्यात इंग्लंडहून आणलेले वाण रुजले. लोक त्याला गोल्डिंग समजले आणि ते स्टायरियन गोल्डिंग म्हणून प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात तो होता फगल! चूक कळली तोवर बाजारात नाव पक्के बसले होते, आणि चालत्या नावाला कोण हात लावणार? ते तसेच राहिले.

नवे वाण काढायचे तर अर्थात बियांकडे वळावेच लागते. केंटमधल्या वाय कॉलेजचे प्राध्यापक अर्नेस्ट सॅमन यांनी कॅनडातल्या मॅनिटोबाहून आलेल्या रानटी वेलीचा तुकडा 1916 मध्ये लावला. तिच्या बियांतून निघालेला ब्रूअर्स गोल्ड 1934 मध्ये बाजारात आला. अमेरिकेतला कॅस्केड हा 1972 चा वाण. त्याच्या वंशावळीत पुन्हा फगल भेटतोच.

अमेरिकेत 1978 मध्ये घरी बिअर बनवण्याला संघराज्याच्या कायद्याने वाट मोकळी झाली आणि हौशी लोकांनी परसातही हॉप्स लावायला सुरुवात केली. वसंतात त्यांना कॅस्केड, फगल यांची मूळखोडे विकत मिळतात. सिट्रासारख्या मालकी हक्काच्या नव्या वाणांची मात्र मिळत नाहीत. तिथे बेणे कंपनीच्या कुलपात. विकत आणलेला तुकडा दोन-तीन बोटे खोल पुरायचा, कोंब हातभर झाले की सुतळीवर चढवायचे. वेल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच वळते. उलटी गुंडाळली तर सुटून आपल्या वाटेने जाते. पहिल्या वर्षी तिचे सगळे लक्ष मुळांकडे असते, शंकू येतात ते मूठभर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती दोन मजले गाठते आणि जमिनीखालून चहूकडे धुमारे सोडते. ते दर वसंतात छाटावे लागतात, नाहीतर शेजारचा वाफाही तिचाच. छाटलेले तुकडे फेकवत नाहीत. ओल्या कागदात गुंडाळून ते कोणाच्या तरी हाती दिले जातात.