वॉटर पेपरची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या पार्किंगमधला पिवळा खांब आणि बाबांची नवी कोरी गाडी यांची गाठ मीच घालून दिली. दारावर वीतभर पिवळा पट्टा! बाबा गावाहून दोन दिवसांनी येणार. घाबरून मी भांड्यांची घासणी घेतली. पट्टा गेला, पण दार तिथं पांढुरकं, मंद झालं.

गॅरेजवाल्या काकांनी दारावर नख फिरवलं. "अडकत नाही. म्हणजे वाचलास. तो खांबाचा रंग होता रे, नुसतं रबिंग मारलं असतं तरी निघाला असता. घासणीनं तू क्लिअर कोट ओरबाडलास." हा क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, केसाहूनही पातळ. मग काकांनी दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवला.

पाण्यातच का? उत्तर शंभर वर्षं जुनं आहे. तेव्हा अमेरिकेत गाडीला थरावर थर चढायचे आणि मधले थर कोरड्या कागदानं घासायचे. रंगात शिसं असायचं. ती धूळ थेट कामगारांच्या फुफ्फुसात. फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी नावाच्या शाईवाल्यानं पाण्यात न विरघळणारा सँडपेपर बनवला. त्यासाठी त्यानं थ्रीएम कंपनीकडे पत्रानं खरखरीत दाण्यांचे नमुने मागितले होते. शाईवाल्याला हे कशाला, म्हणून कंपनीनं चौकशी केली (चौकस माणसं बरी!) आणि हक्कच विकत घेतले. 1921 मध्ये 'वेटऑरड्राय' बाजारात आला. पाण्यामुळे धूळ उडेना, वर कागदही कमी बुजायचा.

हाच कागद गॅरेजमध्ये दाखवायला रिचर्ड ड्रू हा थ्रीएमचा पोरगा जायचा. दुरंगी गाडी रंगवताना चिकटपट्टी काढली की ताजा रंगही सोलून निघतो आणि पेंटर शिव्या घालतात, हे त्यानं तिथंच पाहिलं. त्यातून 1925 ची मास्किंग टेप.

त्याच काळात ड्यूपाँटचा 'ड्युको' आला. 1923 मध्ये ओकलंड गाड्यांना तो लागला. आठवडे लागणारं वाळणं तासांवर आलं. आमचे काका आजही स्प्रेच्या रंगाला ड्युकोच म्हणतात. डबा कुठल्याही कंपनीचा असो.

दार पुन्हा चकाकलं. बाबा आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि नेमके त्याच जागी थांबले. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनीही आधी नखच फिरवून पाहिलं.