वैद्यकीय प्रतिमा व रुग्णनोंदी यांचा समन्वय

क्ष-किरण, सीटी स्कॅन, एमआरआय, श्राव्यातीत ध्वनी (सोनोग्राफी) इ. साधनांनी घेतलेल्या शरीराच्या अंतर्भागाच्या प्रतिमा आणि त्याच रुग्णाच्या नावनोंदणीपासून निदानापर्यंतच्या लेखी नोंदी या दोहोंची संगणकीय प्रणालींमध्ये अचूक सांगड घालण्याची व्यवस्था. प्रतिमा कितीही सुस्पष्ट असली, तरी ती कोणाची, केव्हाची व कोणत्या शंकेच्या निरसनासाठी घेतली हे निश्चित नसेल, तर ती निरुपयोगी, प्रसंगी घातकही ठरते. एका यंत्रातील प्रतिमा दुसऱ्या यंत्रात नेण्याचा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस बव्हंशी सुटला. ती योग्य रुग्णाच्या नोंदीशी जोडण्याचा प्रश्न मात्र अधिक चिवट ठरला. कारण तो यंत्रांइतकाच माणसांमधील व संस्थांमधील कराराचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर सु. पाऊण शतक वैद्यकीय प्रतिमा म्हणजे काचेवरील किंवा फिल्मवरील छायाचित्रच होते. डावी-उजवी बाजू दाखविण्यासाठी फिल्मजवळ शिशाची अक्षरे ठेवीत. रुग्णाचे नाव व क्रमांक फिल्मवर उमटवीत आणि अहवालासह ती एका पाकिटात घालून ठेवीत. प्रतिमा व नोंद यांचा समन्वय पाकिटानेच साधला जाई. मात्र फिल्मची प्रत एकच असल्यामुळे ती एका वेळी एकाच ठिकाणी पाहता येई. आणि ती हरवली, तर आजाराची पूर्वस्थिती ताडून पाहण्याचे साधनच नाहीसे होई.

लंडनमधील विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेण्यात आला. ही प्रतिमा मुळातच अंकांची बनलेली होती. सुरुवातीच्या प्रतिमेत ८० × ८०, म्हणजे ६,४०० चित्रबिंदू असत. पुढे ५१२ × ५१२ म्हणजे २,६२,१४४ चित्रबिंदूंची प्रतिमा रूढ झाली. अंकीय प्रतिमेच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात व ती दूर पाठविता येते. तथापि प्रत्येक उत्पादक हे अंक आपापल्या पद्धतीने चुंबकीय फितीवर साठवीत असे. परिणामी एका कंपनीच्या यंत्रावरील प्रतिमा दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर उघडत नसे आणि रुग्णालय एकाच उत्पादकाशी बांधले जाई.

प्रतिमांचे मानक : या अडचणीवर उपाय शोधण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी ही क्ष-किरणतज्ञांची संस्था व नॅशनल इलेक्ट्रिकल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही उत्पादकांची संघटना यांनी १९८३ मध्ये संयुक्त समिती नेमली. समितीचे पहिले मानक १९८५ मध्ये व दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत ५० टाचण्यांच्या जोडणीने दोन यंत्रे थेट एकमेकांस जोडण्याची तरतूद होती. संगणकांच्या जाळ्याचा विचार नव्हता. १९९३ मधील तिसऱ्या आवृत्तीने ही उणीव भरून काढली. तिला ‘डायकॉम’ हे नाव मिळाले. डायकॉमच्या फाइलमध्ये चित्रबिंदूंबरोबरच रुग्णाचे नाव व क्रमांक, तपासणीची तारीख, यंत्राचा प्रकार इ. माहिती ठराविक क्रमांकांच्या रकान्यांत भरलेली असते आणि प्रत्येक तपासणीस जगात अन्यत्र न येणारा एक ओळखक्रमांक दिला जातो. प्रतिमा व तिची ओळख एकत्र ठेवणारे जुने पाकीट येथे निराळ्या स्वरूपात अवतरले, असे म्हणता येईल.

नोंदींचे मानक : याच सुमारास रुग्णालयांतील नावनोंदणी, देयके, रक्ततपासणी इ. कामांसाठी स्वतंत्र संगणकप्रणाली वापरात आल्या होत्या. त्यांच्यातील संदेशांना एकरूपता आणण्यासाठी अमेरिकेत १९८७ मध्ये ‘एचएल-७’ ही संघटना स्थापन झाली. संगणकीय संप्रेषणाच्या सात स्तरांच्या प्रतिरूपातील सर्वांत वरचा, म्हणजे उपयोजनाचा सातवा स्तर या नावातून सूचित होतो. तिच्या दुसऱ्या आवृत्तीच्या संदेशांत रुग्ण दाखल झाला, तपासणी मागविली, अहवाल तयार झाला अशा घटना उभ्या रेघांनी विभागलेल्या ओळींत कळविल्या जातात. रुग्णालयांच्या गरजा भिन्न असल्यामुळे या आवृत्तीत अनेक रकाने ऐच्छिक ठेवण्यात आले. त्यामुळे तिचा प्रसार झपाट्याने झाला; पण मानक पाळूनही दोन प्रणालींचे एकमेकींशी जुळत नाही, असा अनुभव येऊ लागला.

दोहोंची सांगड : डायकॉम व एचएल-७ ही मानके निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या कामांसाठी रचली होती. नोंदणीकक्षात रुग्णाचे नाव एकदा लिहिले जाई व क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ तेच नाव यंत्रावर पुन्हा टंकलिखित करी. एखादे अक्षर वा अंक चुकल्यास प्रतिमा संग्रहात जाई, परंतु रुग्णाच्या नोंदीशी जोडली जात नसे. यावर डायकॉममध्ये ‘कार्यसूची’ची सोय करण्यात आली. तपासणीची मागणी एचएल-७ संदेशाने विभागाच्या प्रणालीकडे येते, तीवरून दिवसाची सूची तयार होते आणि यंत्र ती सूची मागवून घेते. तंत्रज्ञ नाव लिहीत नाही, ते निवडतो.

कोणत्या प्रसंगी कोणता संदेश कोणत्या रकान्यांसह पाठवावा, हे ठरविण्यासाठी उत्तर अमेरिकेची क्ष-किरणतज्ञ संस्था आरएसएनए आणि आरोग्य माहिती प्रणालींच्या क्षेत्रातील संस्था हिम्स यांनी १९९८ मध्ये ‘आयएचई’ हा उपक्रम सुरू केला. त्याने नवे मानक निर्माण केले नाही; प्रत्यक्ष कामाचे प्रसंग घेऊन उपलब्ध मानकांचा नेमका वापर ठरवून दिला. स्पर्धक कंपन्यांचे अभियंते आपापल्या प्रणाली एकत्र आणून त्या परस्परांशी जोडून पाहतात, ही या उपक्रमाची प्रमुख कार्यपद्धती होय.

अशा प्रसंगाचे एक उदाहरण म्हणजे अपघातात बेशुद्ध झालेला रुग्ण. नाव कळण्याची वाट न पाहता तात्पुरत्या क्रमांकावर त्याचा स्कॅन घेतात. पुढे ओळख पटल्यावर नोंदणीकक्षातील दुरुस्ती विभागाच्या प्रणालीत, प्रतिमासंग्रहात व अहवालात सर्वत्र पोहोचावी लागते. ती एका ठिकाणी जरी राहिली, तरी एकाच माणसाचे दोन रुग्ण होतात. याउलट दोन भिन्न व्यक्तींच्या नोंदी चुकीने एकत्र झाल्यास एकाच्या गाठीवर दुसऱ्याचा उपचार होण्याचा धोका असतो. पहिल्या चुकीमुळे तपासणी पुन्हा करावी लागून खर्च व किरणोत्सर्गाची मात्रा वाढते. दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

नाव व लिपी : डायकॉममध्ये व्यक्तिनामाचे आडनाव, नाव, मधले नाव, नावापूर्वीची उपाधी व नावानंतरची उपाधी असे पाच भाग मानले आहेत. जपानी नावांसाठी रोमन, चित्रलिपी व उच्चारानुसारी अशा तीन रूपांची सोय करण्यात आली. युनिकोडच्या साहाय्याने देवनागरी नावही नोंदविता येते. परंतु विवाहानंतर बदलणारे आडनाव, मधल्या नावाच्या जागी केवळ आद्याक्षर, एकाच नावाची रोमन लिपीतील अनेक वर्णलेखने या गोष्टींचा उलगडा कोणतेही मानक आपोआप करू शकत नाही. त्यासाठी कायम ओळखक्रमांक व नोंद करणाऱ्याची दक्षता या दोहोंची आवश्यकता असते.

रुग्णालयाबाहेरील विनिमय : इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सर्व तीव्रोपचार रुग्णालय-संस्थांत २००७ अखेर अंकीय प्रतिमासंग्रह बसविण्यात आले. तरीही एका संस्थेतून दुसरीत प्रतिमा पाठविण्यासाठी त्यानंतरही सीडींचा आधार घ्यावा लागे. प्रतिमा महाजालाच्या सामान्य तंत्राने मागविता यावी यासाठी डायकॉमचा विस्तार झाला, तर एचएल-७ संघटनेत २०११ पासून ‘फायर’ हे नवे मानक आकारास आले. त्यात रुग्ण, तपासणी, अहवाल इ. घटक स्वतंत्रपणे मागविता येतात; प्रतिमा मूळ संग्रहातच राहते व नोंदीत तिचा निर्देश असतो.

या मोकळेपणाची दुसरी बाजूही दिसून आली. मूळ डायकॉम पद्धतीत संपर्क साधणारी प्रणाली मुख्यतः १६ अक्षरांपर्यंतच्या नावाने ओळखली जाई. रुग्णालयाच्या भिंतींआड हे पुरेसे वाटले; महाजालाशी जोडलेल्या संग्रहांस ते पुरेसे नव्हते. २०१९ मध्ये ग्रीनबोन या जर्मन संगणकसुरक्षा कंपनीने केलेल्या पाहणीत सु. २,३०० संग्रहांपैकी सु. ५९० संग्रह कोणासही पाहता येण्याजोगे आढळले. त्यांत ५२ देशांतील रुग्णांच्या २ कोटी ४० लाखांहून अधिक नोंदी होत्या.

भारत : फिल्म व अहवाल रुग्णाच्याच हाती देण्याची पद्धत भारतात सर्वत्र रूढ आहे. त्यामुळे जुनी प्रतिमा सांभाळण्याची जबाबदारी बहुधा रुग्णाच्या कुटुंबावर पडते. केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये सुधारली. प्रतिमांसाठी डायकॉमचा त्यांत स्वीकार आहे. या मानकांच्या प्रसारासाठीचे राष्ट्रीय केंद्र पुणे येथील सी-डॅक संस्थेत आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात नागरिकास ऐच्छिक १४ अंकी आरोग्यक्रमांक मिळतो व त्याच्या संमतीने नोंदींची देवघेव फायर मानकानुसार होते. आरोग्यक्रमांकामुळे नावांच्या साधर्म्यातून उद्भवणारा गोंधळ कमी होऊ शकतो. मात्र लहान गावातील क्ष-किरण केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत सर्वांनी तो प्रत्येक प्रतिमेशी जोडला, तरच त्याचा उपयोग होईल. अन्यथा प्रतिमा सुरक्षित राहूनही, जिच्यासाठी ती घेतली त्या व्यक्तीपर्यंत पोहोचणार नाही.