गायरान आणि भूमिहीन (मराठवाडा)

गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन म्हणजे गायरान. मराठवाड्यातील अनेक भूमिहीन दलित व भटक्या-विमुक्त कुटुंबांना स्वतः कसता आली ती एवढीच जमीन.

जमीनसुधारणांचे कायदे या कुटुंबांपर्यंत फारसे पोचले नाहीत. हैदराबाद संस्थानाच्या भागात १९५० च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले. पण सालगडी आणि रोजंदारीवरचा मजूर कुळात मोडतच नव्हता. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने अतिरिक्त जमीन वाटपास काढली खरी, मात्र मोठ्या खातेदारांनी जमिनी नातेवाइकांच्या नावे विभागून ठेवल्या होत्या. वाटपात आली तीही बरीचशी मुरमाड. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने डिसेंबर १९६४ मध्ये देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह सुरू केला, त्यातली एक प्रमुख मागणी पडीक सरकारी जमिनीची होती.

राज्य शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट मोकळी केली. अडचण पुराव्याची. अतिक्रमणाची नोंद तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मध्ये होते. ती नोंद, दंडाची पावती किंवा पंचनामा यांवरच दावा उभा राहतो. ज्याला दंडच झाला नाही, त्याने वीस वर्षे ज्वारी पेरली तरी कागदावर तो तिथे नसतो. त्यातच गावातील सवर्णांचा विरोध, उभ्या पिकात सोडलेली गुरे, कामावरचा बहिष्कार. सातबाऱ्यावर नाव नसल्याने पीककर्जही मिळत नाही. नियमानुकूल झालेली जमीन भोगवटादार वर्ग २ मध्ये राहते. ती परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि ही अट भूमिहीनांच्या हिताचीच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. मात्र शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेले पट्टे अपवाद म्हणून ठेवले. त्याच वर्षी १२ जुलैला राज्याने गायरानाबाबत कडक निर्णय काढला, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोटिसा निघाल्या. धनदांडग्याचे बांधकाम आणि भूमिहीनाची दोन एकर ज्वारी या नोटिसांत एकाच नावाने येतात: अतिक्रमण. १९९० पूर्वीपासून कसणाऱ्यांचे प्रलंबित दावे निकाली काढल्याशिवाय त्यांना उठवणे हा शासनाने स्वतःच्याच निर्णयाचा केलेला भंग ठरतो.